जुन्या माऊझरचा बोल्ट खरखरतोय, ग्राइंडिंग पेस्ट लावून घासू का?

गारठलेला_इचलकरंजीकर:

नमस्कार मंडळी. मी मूळचा इचलकरंजीचा, गेली ११ वर्षं विस्कॉन्सिनमध्ये आहे. इथं यायच्या आधी बंदुकीशी संबंध म्हणजे जत्रेत फुगे फोडणं, बस्स. पण इथं नोव्हेंबर आला की निम्मं ऑफिस रिकामं होतं, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी डिअर सीझन सुरू होतो आणि नऊ दिवस सगळे भगवे जॅकेट घालून रानात. दोन वर्षांपूर्वी मीपण कोर्स केला, लायसन काढलं, गेल्या वर्षी मित्राची रायफल उसनी घेऊन तीन दिवस झाडावर बसलो आणि फक्त सर्दी घेऊन घरी आलो.

यंदा स्वतःची घेतली. शेजारचे आजोबा गेले, त्यांच्या बायकोने त्यांची रायफल मला अगदी कमी पैशात दिली, म्हणाली कपाटात पडून गंजण्यापेक्षा कोणीतरी वापरा. माऊझर ९८ आहे, रिसिव्हरवर (नळीच्या मागचा, बोल्ट ज्यात चालतो तो भाग) ब्रनोचा शिक्का, म्हणजे झेक व्हीझेड २४. मूळची फौजी रायफल, पण कोणीतरी फार पूर्वी तिची शिकारीची रायफल करून घेतलेली आहे, नळी बदलून ३०-०६ काडतुसाची केलीय, अक्रोडाचा दस्ता, बोल्टचा सरळ दांडा कापून खाली वाकवून वेल्ड केलाय, घोडापण नवा, बाजूला सेफ्टी असलेला. दिसायला एकदम देखणी.

प्रॉब्लेम बोल्टचा, म्हणजे काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करतो तो सरकता दट्ट्या. दांडा वर उचलायला जोर लागतो, मागे ओढताना वाळू भरल्यासारखं खरखरतं, मधेच तिरका होऊन अडकतो, आणि बंद करताना शेवटच्या अर्ध्या इंचात हाताला ठक्क लागतं, मग दाबून खाली न्यावा लागतो. मित्राकडची टिक्का रायफल नुसती बोटाने सरकते हो, आणि ही म्हणजे आमच्या जुन्या घराच्या कडीसारखी. एका व्हिडिओत पाहिलं की इंजिनच्या व्हॉल्व्हला लावतात ती ग्राइंडिंग पेस्ट बोल्टला फासायची आणि ५०० वेळा मागेपुढे करायचं, आरशासारखा गुळगुळीत होतो म्हणे. पेस्ट आणून ठेवलीय. लावू का? सीझनला पाच आठवडे आहेत. बाकी रायफल ठीक आहे, दोन आठवड्यांपूर्वी नवीन बेस (स्कोप धरणारी पट्टी) टाकून नवीन स्कोप, म्हणजे दुर्बीणपण बसवला, त्याचा काही संबंध नसावा.

निवृत्त_आर्मरर_सातारा:

पेस्टचं झाकण लाव आणि डबी माळ्यावर ठेव. मग खाली वाच.

मी फौजेत आर्मरर होतो, २४ वर्षं हत्यारं उघडली आणि बंद केली. मी भरती झालो तेव्हा एसएलआर ही आपोआप भरणारी रायफल होती, पण एनसीसीच्या थ्री नॉट थ्री दुरुस्तीला यायच्या, त्यामुळे बोल्टवाल्या रायफलीपण भरपूर हाताखालून गेल्या. तुझी ब्रनोची आहे म्हणालास, चांगलं कुळ आहे. आपल्या फौजेची ब्रेन गन माहीत असेल, त्यातलं 'ब्र' हे ब्रनोचं आणि 'एन' एनफिल्डचं, मूळ डिझाइन तिथलंच. तेव्हा लोखंडाला नावं ठेवू नकोस, घाण कुठे आहे ते शोध.

आता पेस्ट का नको ते सांगतो. त्या काळच्या माऊझरचं पोलाद आतून मऊ असतं आणि वरून फक्त पातळ कातडी कडक केलेली असते. मुद्दामच तसं, म्हणजे आतला भाग धक्का सोसतो आणि वरची कातडी झिजत नाही. बोल्टच्या तोंडाशी दोन लग असतात बघ, डावी उजवी, ती बंद झाल्यावर रिसिव्हरच्या आत खाचेत बसतात आणि बार उडाल्यावर मागे येणारा सगळा दाब तेच झेलतात. तू पेस्ट फासून ५०० वेळा चालवलंस की ती पेस्ट जिथे पाहिजे तिथेच थांबते का? नाही थांबत. वाहत जाऊन त्या लगांवर आणि खाचेत बसते. कडक कातडी गेली की खालचं मऊ लोखंड प्रत्येक बाराला केसभर दबतं, हेडस्पेस वाढत जातो, म्हणजे काडतुसाच्या बुडाला मागे आधार राहत नाही, आणि एक दिवस पितळ फाटून गरम गॅस मागे येतो. मागे म्हणजे तुझ्या डोळ्याकडे. माऊझरला मागे तिसरं लग आहे, गॅस बाजूला काढायला भोकं आहेत, माणसाने विचार केला होता सगळा, पण म्हणून आपण परीक्षा घ्यायची नाही.

आधी साफ कर. रायफल रिकामी कर, मॅगझिन बघ, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेत, करंगळी घालून बघ, नुसतं डोळ्याने नको, आणि काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून ये. आमच्याकडे हे रोज म्हणवून घ्यायचे आणि रोज कोणीतरी विसरायचं.

बोल्ट खोलता येतो का तुला? मूळ माऊझरला मागे पंखासारखी सेफ्टी असते, ती उभी करून बोल्ट काढला की मागची टोपी आटे फिरवून सुटते. तुझ्याला घोड्याच्या बाजूला सेफ्टी आहे म्हणजे तो पंख नसणार किंवा बिनकामाचा असणार. मग असं कर, बोल्ट कॉक केलेला, म्हणजे स्प्रिंग दाबून बार काढायला तयार असताना मागचा कॉकिंग पीस आणि टोपी यांच्या फटीत एक नाणं सरकव, स्प्रिंग तिथेच अडून राहते, मग बोल्ट बाहेर काढ, डाव्या बाजूचं बारीक बटण दाबून टोपी फिरवत काढ. फायरिंग पिन आणि स्प्रिंग सगळं एकत्र बाहेर येईल. त्यापुढे स्प्रिंग सोडवायची असेल तर पिनचं टोक लाकडाच्या ठोकळ्यातल्या भोकात उभं धरून दाबायचं, आणि चष्मा घालायचा, ती स्प्रिंग सुटली तर पंख्यावरून कपाटामागे जाते आणि तुझ्या नाकाला विचारत नाही. फौजी दस्त्यात यासाठी भोकाची लोखंडी चकतीच असायची.

आत बघ काय निघतं. मी पैज लावतो, ग्रीस सुकून मेणासारखं झालेलं असेल. रॉकेल किंवा तिकडे पेंट पातळ करायला जे मिळतं ते घे, टूथब्रशने धू, बोल्टच्या नळीच्या आतून चिंधी ओढ. आणि रिसिव्हरच्या आत पुढे, लग जिथे फिरतात ती खाच, तिथे वाकडा ब्रश नाहीतर काडीला कापूस गुंडाळून फिरव. तिथे कोणी जात नाही, म्हणून सगळी घाण तिथे जाते. एवढं करून परत सांग.

हिरवं_रान:

सॉरी पण हा सगळा धागा वाचून कसंतरी झालं. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव कायदा झाला, शिकार बंद झाली, आणि आपलीच माणसं परदेशात जाऊन हरणं मारतायत आणि बोल्ट गुळगुळीत कसा करायचा ते विचारतायत.

गारठलेला_इचलकरंजीकर:

तुमचा मुद्दा समजतो, मलाही पहिली दोन वर्षं तसंच वाटायचं. इथं पांढऱ्या शेपटीची हरणं इतकी आहेत की दर हिवाळ्यात रस्त्यावर गाड्यांना धडकतात, शिकारीचे टॅग सरकारच मोजून देतं. मिळालंच तर मटण फ्रीजरमध्ये जातं, फेकत नाही. आणि बोल्ट मधेच अडकला तर जखमी जनावर रानात पळून जातं, म्हणून तर विचारतोय. यावर वाद घालायचा असेल तर वेगळा धागा काढा, मी येतो.

रीलोडर_पेनसिल्व्हेनिया:

आर्मरर काकांनी पेस्टचं सांगितलं ते १०० टक्के. मी एक वेगळीच गोष्ट विचारतो. तू म्हणालास दोन आठवड्यांपूर्वी नवीन स्कोप बसवला. शेवटच्या अर्ध्या इंचात ठक्क होणं हे स्कोपच्या आधीपासून होतं की नंतर सुरू झालं? नीट आठव.

विचारायचं कारण असं. बोल्टच्या चार हालचाली आहेत, वर, मागे, पुढे, खाली, आणि प्रत्येकीच्या जडपणाचं कारण वेगळं असतं, सगळ्याला एकच औषध लावून चालत नाही. माऊझर उघडताना कॉक होते, म्हणजे दांडा उचलताना तू फायरिंग पिनची स्प्रिंगपण दाबत असतोस, त्यामुळे तिथे थोडा जोर लागणारच, टिक्काशी तुलना करूच नकोस. पण कितीचा जोर स्प्रिंगचा आणि कितीचा घाणीचा हे कळायला सोपी टेस्ट आहे, काकांनी सांगितलं तसं फायरिंग पिन काढून ठेव आणि नुसती बोल्टची नळी रायफलमध्ये घालून उचलून बघ. हलकी उचलली गेली तर जडपणा मागच्या कॉकिंगच्या उतारावर आहे, जिथे कॉकिंग पीस तिरक्या खाचेवरून चढतो. तिथे बारीक टिपका ग्रीस लागतं आणि बहुतेक लोक नेमकं तिथेच लावत नाहीत. पिन काढूनही जड असेल तर लग किंवा दांड्याचं मूळ कुठेतरी घासतंय, तुझा दांडा वेल्ड केलेला आहे तर दस्त्याच्या लाकडाला लागतोय का तेपण बघ, लाकूड पावसाळ्यात फुगतं, इथल्या उन्हाळ्यातपण फुगतं.

मागे ओढताना तिरका होऊन अडकतो ते तर प्रत्येक माऊझरचं आहे. मुद्दाम सैल ठेवलेल्या असतात, चिखलात चालाव्या म्हणून. तू दांडा अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून हळूहळू ओढत असशील. तसं केलं की बोल्ट एका बाजूने ओढला जातो आणि कपाटाचा जुना ड्रॉवर कसा एका कोपऱ्याला धरून ओढला की फसतो तसा फसतो. तळहात उघडा ठेव, दांड्याची गाठ तळहाताच्या मधे घे, एका दमात मागे आणि एका दमात पुढे. लाजायचं नाही. ही रायफल लाडाने चालत नाही.

आता स्कोप. पुढच्या बेसचे स्क्रू रिसिव्हरच्या वरच्या कड्यात जातात. त्यातला मागचा स्क्रू जरा लांब असेल तर भोकातून आरपार जाऊन खाली लगाच्या खाचेत डोकावतो. बोल्ट उघडा असताना लग आडवी असतात, काही लागत नाही. बंद करताना दांडा खाली येतो तसं डावं लग फिरून वर येतं, आणि नेमकं त्या स्क्रूच्या टोकाला आपटतं. म्हणून ठक्क शेवटीच लागतं. माझ्या ओळखीत एकाने असाच महिनाभर दाबून दाबून बोल्ट बंद केला आणि लगावर चरा पाडला.

बघायचं कसं, लगांना काळा मार्कर फास, सुकू दे, बोल्ट दहा वेळा चालव, काढून बघ. जिथे मार्कर गेला तिथे घासतंय. बोल्टच्या अंगालापण फास, नुसत्या व्हिडिओवर जाऊ नकोस, तुझी रायफल स्वतःच सांगेल.

वऱ्हाडी_भाऊ:

राजेहो, तुमचं माऊझर अन् टिक्का वाचून आमच्या घरची .३१५ आठवली म्हणून लिवून रायलो. इशापूरची हाय, माझ्या आज्याच्या नावाची होती, मग बाबाच्या, आता लायसन माझ्या नावावर हाय. इकडं यवतमाळकडं रोही अन् रानडुक्कर तुरीत घुसले की रात्रीतून एकर साफ करतेत, बंदुकीनं मारायचा विषय वनखात्याच्या परवानगीबिगर नाईच, आम्ही आपलं हवेत बार काढून हाकलतो, तेबी आता कमीच. पण रायफलची हालत बेकार झाली ना. निवडणूक आली का ठाण्यात जमा करा लागते, ग्रामपंचायत, झेडपी, विधानसभा, लोकसभा, काही ना काही चालूच असते, दोन दोन महिने तिकडं पडून रायते अन् परत आली का बोल्टवर तांबूस थर. बाबा रॉकेलचा बोळा फिरवायचे अन् खोबरेल तेल लावायचे. आता बोल्ट बंद कराले पूरा जोर लागते, उघडाले काही नाई. इचलकरंजीवाल्या भाऊचं उलटं हाय. काहून असं?

निवृत्त_आर्मरर_सातारा:

वऱ्हाडी भाऊ, खोबरेल तेल आजपासून बंद. ते केसाला. थंडीत गोठतं आणि वर्षभरात चिकट होतं, त्यावर धूळ बसली की आपोआप पेस्ट तयार, विकत आणायची गरज नाही.

तुमची .३१५ म्हणजे ली-एनफिल्डच्या वंशातली, थ्री नॉट थ्रीची धाकटी बहीण समजा. हिचं कॉकिंग बंद करताना होतं, माऊझरसारखं उघडताना नाही. म्हणून तुमचा जोर पुढे ढकलताना लागतो आणि उघडणं हलकं. ते उलटं नाही, तिचा स्वभावच तो. तरी पूरा जोर लागतो म्हणता तर आत गंज आणि चिकट तेल असणार. बोल्टच्या नळीच्या आत स्प्रिंग असते, तिथे ओलं शिरलं की बाहेरून किती पुसलं तरी उपयोग नाही. बोल्ट खोलायला हिला वेगळं हत्यार लागतं, ते नसेल तर पक्कड लावून नाचवू नका, जिल्ह्याला लायसनवाला बंदूक दुरुस्तीवाला असेल त्याच्याकडे लायसनसकट घेऊन जा. आणि दोन गोष्टी ध्यानात ठेवा. बोल्टच्या पुढचं डोकं आटे फिरवून निघतं, ते दुसऱ्या रायफलचं घालायचं नाही. आणि बोल्टवरचा नंबर रिसिव्हरच्या नंबराशी जुळतो का बघा, घराण्यात दोन रायफली असल्या की बोल्टांची अदलाबदल झालेली मी पाहिलीय.

ठाण्यात जमा करायच्या आधी चेंबर आणि नळी कोरडी पुसून आतून पातळ तेलाचा हात द्या, बोल्टवर जरा जाड. परत मिळाली की पहिल्या दिवशी सगळं पुसून काढायचं, मगच बाकीचं. पावती फोटोसकट ठेवा.

आणि पेनसिल्व्हेनियावाल्या भाऊ, स्क्रूची गोष्ट नेमकी पकडलीत. आमच्याकडे दुर्बीण नव्हती लागत त्या रायफलींना, म्हणून माझ्या डोक्यात आलं नाही.

कोकणी_बाराबोअर:

आमच्या आजोबांची ठासणीची होती, बोल्टच नव्हता, त्यामुळे अडकायचा प्रश्नच नव्हता. फक्त पावसात दारू ओली झाली की डुक्कर आणि आजोबा एकमेकांकडे बघत बसायचे. चालू द्या तुमचं, वाचतोय.

गारठलेला_इचलकरंजीकर:

मंडळी, शनिवार रविवार यातच गेला, बायको म्हणाली डायनिंग टेबलवर हे सगळं पुन्हा दिसलं तर तूच रानात राहा.

पहिलं म्हणजे स्क्रू. रीलोडर भाऊ, साष्टांग नमस्कार. लगाला मार्कर लावला, दहा वेळा चालवला, काढला, तर वरच्या लगावर नखाएवढी चकचकीत रेघ. पुढच्या बेसचा मागचा स्क्रू काढून बोल्ट बंद केला, लोण्यासारखा खाली आला, ठक्क गायब. म्हणजे हा आजार आजोबांचा नव्हता, मीच दोन आठवड्यांपूर्वी घातलेला, आणि आजारावर मी अजून पेस्ट लावणार होतो. बेसच्या पाकिटात दोन लांबीचे स्क्रू होते, मी लांब तो मजबूत असं समजून दोन्हीकडे लांब घातले. इंजिनियर आहे मी, हे लिहितानापण लाज वाटतेय. लगावरची रेघ बोटाला लागत नाही, नुसती दिसते. तरी एकदा दाखवून घेणार आहे.

दुसरं म्हणजे घाण. काका, पैज जिंकलात. नाण्याची युक्ती चालली, टोपी फिरवली, आणि आतून जे निघालं ते पिवळट तपकिरी, कडक, पत्र्यावर गूळ सांडून वाळल्यासारखं. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत गच्च बसलेलं. दोन तास भिजत ठेवून ब्रश मारला तेव्हा मूळचं लोखंड दिसलं. लगाच्या खाचेतून कापसावर काळं काळं आलं, चार बोळे गेले. वाळू म्हणत होतो ती खरंच वाळू होती, बारीक कण आहेत चक्क.

पिन काढून बोल्ट उचलला तर बोटाने उचलला गेला, म्हणजे तुम्ही म्हणालात तसं कॉकिंगच्या उतारावरच जडपणा. आता प्रश्न, तिथे किती आणि कसलं ग्रीस लावू? आणि घोडा थोडा हलका करायचाय, तो स्क्रू फिरवू का?

निवृत्त_आर्मरर_सातारा:

शाब्बास. लांब तो मजबूत, हे वाक्य आमच्या वर्कशॉपच्या भिंतीवर लिहायला पाहिजे होतं.

ग्रीस मोहरीच्या दाण्याएवढं. कॉकिंगच्या उतारावर एक दाणा, दोन्ही लगांच्या मागच्या बाजूला एक एक, कारण दाब मागच्या बाजूलाच येतो, आणि पुढच्या मोठ्या पंजाखाली जी कडी आहे तिथे एक पुसट. बोल्टच्या अंगाला फक्त तेलाचा बोटभर हात, पुसल्यावर उरेल तेवढाच. फायरिंग पिन आणि स्प्रिंगला जवळजवळ कोरडं. चेंबर पूर्ण कोरडं, हे विसरू नकोस, चेंबरला तेल राहिलं तर काडतुसाची भिंत चिकटून धरत नाही आणि सगळा दाब बोल्टवर येतो. ते निळ्या डब्यातलं फवारायचं तेल पाणी हाकलायला ठीक, पण बोल्टमध्ये मारून सोडू नकोस, सुकून पुन्हा तसलाच चिकटा होतो.

घोड्याच्या स्क्रूला हात लावायचा नाही. सांगून झालं. हलका घोडा आणि बोल्ट जोरात बंद केला की आपोआप बार, ही जोडी मी एकदा पाहिली, रेंजवर, नशिबाने तोंड मातीच्या बांधाकडे होतं. दुकानात ने आणि वजनाच्या काट्याने मोजून घे.

आता गुळगुळीत करायचं असेल तर करायचं एकच, चालवायचं. संध्याकाळी मॅच बघताना, काडतुसं दुसऱ्या खोलीत, चेंबरमध्ये नकली काडतूस, दोन अडीचशे वेळा उघडझाप. दोन दिवसांनी पुसून काढ, काळपट तेल निघेल, पुन्हा पातळ हात द्या, पुन्हा चालव. दोन पृष्ठभाग एकमेकांना स्वतःच समजून घेतात. जुन्या रायफली हाताला गोड लागतात त्या कोणी घासल्या म्हणून नाही, दहा हजार वेळा चालल्या म्हणून.

रीलोडर_पेनसिल्व्हेनिया:

यात दोन भर टाकतो. एक, थंडी. विस्कॉन्सिनला सीझनमध्ये पहाटे उणे १० सहज असतं. त्या थंडीत जाड ग्रीस पाकासारखं घट्ट होतं, पिन पुढे जाते पण मरगळल्यासारखी, काडतुसाच्या बुडातल्या प्राइमरवर (ठिणगी पाडणारी टिकली) नुसता टिचका बसतो आणि बार होत नाही. म्हणून काकांनी पिन कोरडी सांगितली ती एकदम बरोबर, सीझनच्या आठवड्यात लगांवरचं ग्रीसपण अर्धं पुसून काढ किंवा थंडीचं पातळ वापर. आणि बार झाला नाही तर लगेच बोल्ट उघडू नकोस, तोंड सुरक्षित दिशेला ठेवून निदान ३० सेकंद थांब, उशिरा पेटणारं काडतूस असू शकतं. अजून एक, रात्री रायफल गरम घरात आणली की तिला घाम फुटतो, सकाळी तेच पाणी आत गोठतं. आम्ही केसमध्ये बंद करून गॅरेजमध्येच ठेवतो, कुलूप लावून.

दुसरं, रेंजवर गेलास की लक्ष ठेव. रिकामी असताना बोल्ट हलका आणि बार झाल्यावर उचलायला जड, असं झालं तर तिथेच थांब. ते ग्रीसचं काम नाही. काडतूस चेंबरला चिकटतंय, म्हणजे चेंबर खडबडीत आहे किंवा दाब जास्त होतोय. रिकामं काडतूस बघ, प्राइमर चपटा पसरलाय का, बुडाच्या जरा वर चकचकीत वळं दिसतंय का. दुसऱ्याने घरी भरलेली काडतुसं या रायफलीत घालू नकोस, आजोबांच्या कपाटात एखादा डबा सापडला तर तोही नाही. आणि पहिल्या बाराआधी गनस्मिथकडून गो, नो-गो गेजने (गोवर बोल्ट बंद व्हायला पाहिजे, नो-गोवर नाही) हेडस्पेस तपासून घे. नळी बदललेली आहे, कोणी, कधी बदलली माहीत नाही, आणि मी एवढं लिहिलं त्यातलं हे एकच काम घरी होत नाही.

बेसचे स्क्रू १५ ते २० इंच-पाउंडला घट्ट कर, आखूड घालशील तेव्हा आटे पुरेसे पकडतायत ना तेपण मोज.

वऱ्हाडी_भाऊ:

काका, नंबर पाह्यले. बोल्टवर वेगळा अन् रिसिव्हरवर वेगळा निघाला. बाबाच्या चुलतभावाकडं दुसरी .३१५ होती, ती त्याईनं विकली कधीची. आता का करू?

निवृत्त_आर्मरर_सातारा:

एकही बार काढू नका. ती रायफल आता फक्त कपाटात. दुरुस्तीवाल्याकडून हेडस्पेस तपासून घ्या, या जातीच्या रायफलीत काडतुसाच्या कडेवर हेडस्पेस असतो आणि तो बोल्टवर ठरतो. जुळला तर नशीब. नाही जुळला तर तो लेखी देईल, लायसनच्या नोंदीत काय करायचं ते त्याला विचारूनच करा, स्वतःच्या मनाने आपला मूळ बोल्ट शोधत फिरू नका. दुसरी जिथे विकली तिथेही तुमचा बोल्ट असणार, त्या माणसालापण कळवायला पाहिजे. चुलत्यांना फोन करा, आजच.

वऱ्हाडी_भाऊ:

लावतो फोन. आम्ही बोलत नाई एकमेकाशी बारा वर्षांपासून, शेताच्या धुऱ्यावरून. पण लावतो.

गारठलेला_इचलकरंजीकर:

तीन आठवड्यांनी लिहितोय. गनस्मिथकडे नेली, गो गेजवर बंद होते, नो-गोवर होत नाही, पास. लगावरच्या रेघेला तो म्हणाला विसरून जा. घोडा त्याने मोजला, साडेतीन पाउंड, म्हणाला आहे तसाच ठेव, मी ठेवला. आखूड स्क्रू बसवले. रोज मॅच नाही पण रात्री बातम्या बघत २०० वेळा उघडझाप, मुलगी आता आवाजावरून मोजते आणि मी चुकलो की ओरडते. दांडा अजूनही टिक्कासारखा नाही, पण खरखर गेली, ड्रॉवरसारखं फसणंही तळहाताने चालवायला लागल्यापासून बंद झालं. रेंजवर २० बार काढले, एकदाही उचलायला जड गेला नाही, काडतुसं स्वच्छ निघाली.

आजींना सांगायला गेलो तर त्या म्हणाल्या आजोबा ती रायफल दर वर्षी सीझन संपला की ग्रीसने थापून ठेवायचे, 'जितकं जास्त तितकं चांगलं' म्हणायचे. मी काही बोललो नाही. पेस्टची डबी दुकानात परत केली, पावती होती.

वऱ्हाडी भाऊ, चुलत्यांचं काय झालं?

वऱ्हाडी_भाऊ:

फोन उचलला त्याईनं. ज्याले विकली त्याचं नाव देल्लं, पुसदकडं हाय तो. येत्या सोमवारी आम्ही दोघं जाऊन रायलो, पहिले दुरुस्तीवाल्याकडं, मग लायसनच्या टेबलावर. बोल्ट मी सोबत नेऊन नाई रायलो, काका ओरडतीन.